उसाच्या मुलखात रमचा कप्पा

भाच्याने कोल्हापूरजवळ परमिट रूम घेतलीय. व्हिस्कीची यादी त्याने स्वतःच केली. रमचं काम माझ्याकडे दिलं, का तर 'मामाला त्यातलं कळतं' असा घरात समज आहे. त्याचं स्वतःचं मत एका वाक्यात होतं: "मामा, रम म्हणजे ओल्ड मंक आणि बकार्डी. आणखी काय पायजे?"

धंद्याच्या हिशेबाने त्याचं चुकलेलं नाही. पण यादी करायला बसलो आणि प्रकरण रमवरून सरकारी धोरणावर गेलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांना दारूचा विषयच नको त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं, राग नाही.

आधी कप्प्याबद्दल. रम उसापासून होते, हे आपल्याकडे पिणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांच्या डोक्यात नसतं. साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर आणि चाळीसेक किलो मळी निघते. मळी आंबवली, ऊर्ध्वपातन केलं की अल्कोहोल. पुढे दोन वाटा. कमी शुद्ध करून, उसाचा वास-चव राखून लाकडी पिंपात काही वर्षं मुरवलं तर जिला जगात रम म्हणतात ती होते. आणि उंच कॉलममधून काढून 96 टक्के शुद्ध, बिनवासाचं, बिनचवीचं स्पिरिट केलं, मग त्यात पाणी, कॅरॅमलचा रंग आणि वास घातला, तर आपल्याकडची बरीचशी स्वस्त रम होते. दोन्हीच्या लेबलवर शब्द एकच.

म्हणून कप्प्यात पहिली बाटली ओल्ड मंक. यावर वाद नको. 1954 पासून आहे, गाझियाबादच्या मोहन मीकिनची, आणि तिचा व्हॅनिलासारखा गोडसर वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. फौजेतून निवृत्त होऊन आलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत, ती थंडीत गरम पाण्यातूनच मागणार. दुसरी एखादी स्वस्त डार्क रम, कारण गिऱ्हाईक भाव बघून मागतं. पांढरी रम एकच पुरे, ती बकार्डी. मसालेदार रमची बाटली मी यादीतून काढली. भाच्याच्या गिऱ्हाइकात ती सहा महिन्यांत संपणार नाही.

खरी मजा चौथ्या-पाचव्या बाटलीला आली. एखादी तरी नीट मुरलेली, नुसती बर्फावर पिता येईल अशी रम हवी, असं माझं म्हणणं. शोधायला लागलो. हरियाणात इंद्री इथे पिकॅडिली म्हणून कंपनी आहे. मुळात साखर कारखाना आणि डिस्टिलरीवाले लोक. त्यांनी थेट उसाच्या रसाची बारा वर्षं मुरवलेली 'कामिकारा' 2022 मध्ये बाजारात आणली. बंगळूरची अमृत कंपनी 'टू इंडीज'मध्ये कॅरिबियन रमबरोबर गुळापासून काढलेलं भारतीय मद्य घालते. गोव्यात 'मका झाय' आहे, म्हणजे कोकणीत 'मला हवंय'. हरियाणा, कर्नाटक, गोवा. गुळापासूनची रम बंगळूरची! आणि 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला गूळ कोल्हापूरचा.

मंडळी, ऊस पिकवण्यात उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र ही पहिली दोन राज्यं. आपल्याकडे हंगामात सुमारे दोनशे कारखाने धुराडी पेटवतात, त्यातल्या अनेकांना स्वतःच्या डिस्टिलऱ्या आहेत. तरी बारमधल्या रमच्या कप्प्यावर अभिमानाने दाखवावं असं आपल्या मातीतलं नाव नाही. बाटली भरण्याचं काम इथे होत असेलही, पण नाव, पाककृती आणि नफा बाहेरचा.

कारण समजायला फार हुशारी लागत नाही. रम मुरवायची म्हणजे पाच-सात वर्षं माल पडून, पैसा अडकून. आपल्या उष्ण हवेत पिंपातून दरवर्षी जेवढा माल उडून जातो तो स्कॉटलंडच्या कितीतरी पट. ते दोन टक्के धरतात, बंगळूरला हा आकडा दहाच्या पुढे जातो. दुसऱ्या बाजूला इथेनॉल. आज बनवलं, तेल कंपनीने ठरलेल्या भावात उचललं, पैसे आले. ज्या कारखान्याला उसाची एफआरपी द्यायला तारांबळ होते, त्याचा चेअरमन संचालक मंडळापुढे उभा राहून 'आपण सात वर्षं थांबू' म्हणेल का? सभासद त्याला तिथेच घरी पाठवतील, आणि ते बरोबरच असेल.

इथवर बाजाराचा भाग झाला. पुढचा भाग सरकारचा.

10 जून 2025 ला मंत्रिमंडळाने उत्पादन शुल्क वाढवलं. उत्पादन मूल्य लिटरला 260 रुपयांपर्यंत असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर आधी मूल्याच्या तिप्पट शुल्क होतं, ते साडेचार पट झालं. वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळावेत हा हेतू. क्वार्टरची, म्हणजे 180 मिलीची, किमान किंमत ठरली: देशी 80 रुपये, विदेशी 205, आणि मध्ये एक नवा वर्ग, महाराष्ट्र मेड लिकर, 148 रुपये. हा वर्ग फक्त राज्यातल्या उत्पादकांसाठी. राज्यातल्या उद्योगाला बळ, चांगली गोष्ट. पण अट अशी की ते मद्य धान्यापासून केलेलं पाहिजे.

धान्यापासून! म्हणजे उसाच्या राज्यात 'महाराष्ट्र मेड' या शिक्क्याखाली रम येऊच शकत नाही. मका, तांदूळ, ज्वारी चालेल. मळी, रस, गूळ नाही. आपल्याकडे धान्यापासून दारूला अनुदान देण्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. खाण्याचं धान्य दारूत घालता का, असा तो सवाल होता. मळी कुणी खात नाही, माणसं तरी नाही. तरी सवलतीच्या वर्गात ती बसत नाही.

शब्दांची गंमत बघा. मळीच्या स्पिरिटमध्ये संत्र्याचा वास घालून विकलं तर कायद्याने 'देशी'. त्याच जातीच्या स्पिरिटला कॅरॅमलचा रंग दिला की 'विदेशी'. आणि गूळ-नवसागर घालून ओढ्याकाठी कुणी हातभट्टी लावली की पेपरात 'गूळमिश्रित रसायन नष्ट' अशी बातमी. तिसरा प्रकार बंद झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. ती गरीब होती आणि स्वस्तात मिळेल ते पीत होती. म्हणून भाववाढ म्हणजे आपोआप दारूबंदीकडे पाऊल, हे मला पटत नाही. 205 चं परवडेनासं झालेला माणूस दूध प्यायला लागत नाही. तो 80 वाल्याकडे जातो, नाहीतर चंदगड-आंबोलीच्या घाटातून येणाऱ्या गोवा बनावटीच्या मालाकडे. एक्साईजच्या नाक्यांवर हा माल पकडल्याच्या बातम्या आपण कायम वाचतो.

भाच्याचा हिशेब सांगतो. 205 च्या क्वार्टरमध्ये 60 मिलीचे तीन पेग. म्हणजे नुसत्या मालाचे अडुसष्ट रुपये पेगला, आणि ही किमान किंमत. त्यावर परमिट रूमचा व्हॅट, जो नोव्हेंबर 2023 मध्ये 5 वरून 10 टक्के झाला. मग लायसन्स फी, भाडं, वेटर, लाईट. 14 जुलै 2025 ला बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला तो यासाठीच. त्यांचं सगळंच खरं मानायची गरज नाही, मालाचा भाव दहा रुपयांनी वाढला की पेग तीसने वाढवणारे मी पाहिलेत. पण याचा एक परिणाम नक्की होतो: मालक रमच्या कप्प्यावर प्रयोग करत नाही. शिवाय बाहेरच्या छोट्या ब्रँडला प्रत्येक राज्यात लेबल वेगळं नोंदवावं लागतं, त्याची फी वेगळी. गोव्यातली बाटली शंभरेक किलोमीटरवर असून भाच्याच्या कप्प्यात सहज येत नाही. चोरून आणायला तो तयार होता. मी नाही म्हटलं.

आता मिक्सर. इथे मात्र मी माझं चालवून घेतलं.

आपल्याकडे रम म्हणजे थम्स अप हे समीकरण. 1977 सालचं ते कोला चवीला तिखट आणि दणकट आहे, कसलीही रम त्याखाली झाकली जाते. लोकांना ते आवडतं याचं अर्धं कारण हेच असावं. बरं, कोलात दहाएक टक्के साखर. रम मळीची, कोला साखरेचा, म्हणजे ग्लासात दोन्हीकडून ऊसच, तरी उसाची चव शोधून सापडत नाही. त्यात गोड-स्वादाच्या सोड्यावर जीएसटी 40 टक्के, आणि साध्या सोड्यावर सप्टेंबर 2025 पासून 5. म्हणजे भाच्याला साधा सोडा परवडतो आणि गिऱ्हाइकाच्या पोटालाही तोच बरा. मुख्य मिक्सर साधा सोडा आणि लिंबू ठेव, कोला मागेल त्याला दे, असं ठरलं.

पांढऱ्या रमला कोकम. अमृत कोकम नको, ते गोड मिट्ट असतं. मालवणकडचं खारं आगळ आणायचं, दोन चमचे, किंचित साखर, वर सोडा. मी चार जणांना करून दिलं, चौघांनी दुसरा मागितला. पुदिना-लिंबू-सोडा ठेवलं की मोहितो होतोच, फक्त पुदिना ठेचून लगदा करायचा नाही, कडू होतो.

आणि डार्क रमला उसाचा रस. हे कोल्हापुरात नाही करायचं तर कुठे? रस काढल्यावर अर्ध्या तासात काळा पडतो, म्हणून आलं-लिंबू घालून लगेच द्यायचा. भाच्याला ही कटकट वाटली. समोरच रसवंती आहे, घुंगराचा आवाज बारपर्यंत येतो, पोराला पाठवून ग्लासभर आणायला काय लागतं! रस गोड असतो, त्यामुळे प्रमाण कमी, निम्मा सोडा. ओल्ड मंक त्यात इतकी छान बसते की पहिल्या घोटाला भाचा गप्पच झाला.

बर्फाबद्दल मात्र कडक राहायचं. 2018 पासून आपल्याकडे न खाण्याचा बर्फ निळा करायचा नियम आहे, तो पाळला जातोच असं नाही. लादी फोडून पेल्यात टाकायची नाही, क्यूबचं मशीन घ्यायचं. बारच्या खर्चात लोक लाईटिंगवर लाख घालतात आणि बर्फावर हात आखडतात.

कायद्याची पाटीही लावायला सांगितली. 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याला परवाना लागतो, एका दिवसाचा पाच रुपयाला. रम प्यायला वय 25 पूर्ण लागतं, 21 नव्हे, 21 बिअर-वाईनला. कॉलेजची पोरं येतील, ओळखपत्र बघितल्याशिवाय द्यायचं नाही. "मामा, मग धंदा कसा व्हायचा?" असं त्याने विचारलं. कमी होईल, म्हटलं.

शेवटी रमच्या कप्प्यात चारच बाटल्या आल्या: दोन डार्क, एक पांढरी, आणि कामिकारा, तीही एकच, महाग आहे म्हणून वरच्या फळीवर. माझी आमदार-खासदारांकडे, कारखान्यांच्या संचालकांकडे मागणी एवढीच आहे की 'महाराष्ट्र मेड'च्या नियमात धान्याच्या शेजारी ऊस हा एक शब्द घालून घ्या. स्वस्त नको, उलट अट घाला की किमान तीन वर्षं लाकडात मुरवलेली असली पाहिजे. पाचव्या बाटलीची जागा भाच्याने मोकळी ठेवलीय.