रक्त थांबल्यावर पोटाकडे बघा

बाळंतपणात अंगावरून फार रक्त गेलेली बाई आयसीयूत येते, तेव्हा सगळी धावपळ रक्तासाठीच असते. गर्भाशय आकसलं का, रक्ताच्या पिशव्या किती आल्या, बीपी धरतंय का. ते तसंच असायला हवं, कारण रक्त थांबलं नाही तर पुढचं काही उरतच नाही. पण सिंधुदुर्गात इतकी वर्षं सिस्टर म्हणून काम करताना मी रक्त थांबल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांना जास्त घाबरायला लागले आहे.

सावंतवाडीकडून १०८च्या गाडीने आलेली एक बाळंतीण माझ्या मनातून जात नाही. ऑपरेशन झालं, रक्त थांबलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी मात्र तिला ताप चढला, पोट फुगलं, दम लागायला लागला. कल्चरमध्ये जंतू सापडला नाही. तेव्हा आमच्या भूलतज्ज्ञांनी आम्हा सिस्टरांना तिच्या खाटेशीच समजावलं. एरवी हृदयातून निघणाऱ्या रक्तातला पाचवा ते चौथा हिस्सा पोटातल्या अवयवांना जातो. रक्त कमी पडलं की शरीर हृदय-मेंदू वाचवायला आतड्याचा वाटा तोडतं. आतड्यातल्या रसांकुरांची टोकं आधी गुदमरतात. नंतर आपण रक्त चढवतो, प्राणवायू परत येतो, आणि त्या परतण्यानेच सूज भडकते. आतड्याचं अस्तर गळकं होतं. दाह पेटवणारी द्रव्यं आतड्याच्या लसिकेतून वर चढून थेट फुप्फुसांपर्यंत पोचतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे दम छातीत दिसत होता, पण त्याचं एक मूळ पोटात असू शकत होतं.

तिची सासू बाहेर बाकावर बसून. मी दार उघडलं की एकच, ‘‘बाय, तिका उपाशी ठेवू नको गो. पेज तरी दी.’’ त्या माउलीचं म्हणणं मुळात बरोबर होतं. आतड्याच्या पेशी पोटात आलेल्या अन्नावरही जगतात. नुसतं सलाइन त्यांना पुरत नाही. २००५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की रक्तस्रावाआधी स्निग्ध आहार दिलेल्या उंदरांमध्ये दाह कमी राहतो, आणि मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस कापली की तो फायदा जातो. आतड्यात स्निग्ध पदार्थ आले की या नसेमार्फत दाहाला आवर बसतो. प्रयोग उंदरांवरचा आहे, तरी मला तो फार मोलाचा वाटतो.

पण घाईही चालत नाही. बीपी टिकवण्यासाठी दिलेल्या नॉरअॅड्रेनालिनचा डोस चढा असताना आतड्याला रक्तच पुरत नाही. त्यावर पूर्ण आहाराचा भार टाकला तर ते काळं पडू शकतं. फ्रान्समधल्या २०१८च्या मोठ्या अभ्यासात शॉकच्या पेशंटमध्ये हा धोका वाढलेला दिसला. म्हणून आम्ही थांबलो. पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण असलेलं रक्तातलं लॅक्टेट उतरलं, नॉरअॅड्रेनालिन कमी झालं, तेव्हा नाकातून पोटात घातलेल्या राईल्स ट्यूबमधून तासाला २० मिली फीड सुरू केलं. दर वेळी पोट तपासायचं, उलटी होत नाही ना बघायचं, मग वाढवायचं. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते आतड्याला आणि किडनीला दोन्हीकडे बाधतं. एका नातेवाइकाने ग्लुटामिनची महागडी पावडर आणली होती. ती परत पाठवली. अनेक अवयव निकामी झालेल्या पेशंटना मोठ्या डोसमध्ये ग्लुटामिन दिल्यावर मृत्यू वाढले, हे २०१३मध्येच समोर आलं आहे.

ती वाचली. फीडमुळेच वाचली असं मी म्हणणार नाही. रक्त वेळेवर मिळालं हे सगळ्यात मोठं. पण चार दिवसांत पोट मऊ झालं, ऑक्सिजन उतरवता आला. पेज मग सासूनेच भरवली, मीठ घालून.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. सोनोग्राफीला न्यायचं म्हणून फीड बंद करतात आणि परत आणल्यावर सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तसेच सहा-सहा तास जातात. म्हणून आता मी चार्टवर बंद केल्याची वेळ लाल पेनाने लिहिते, आणि ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला ती वाचून दाखवल्याशिवाय निघत नाही.