आतून तपासावं लागेल

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. सासर-माहेरचे सगळेच इथे डोकावतात. पण या एका विषयावर आम्ही बायका गप्प बसतो आणि मग ते महागात पडतं. तेव्हा लिहितेच. भाऊ, दीर आणि जावईबापूंना संकोच वाटला तर त्यांनी पुढे वाचू नये. (खरं तर वाचावंच!)

पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी कपड्यावर एक डाग दिसला. रुपयाएवढा. दोन दिवस मी स्वतःला समजावलं, उष्णता असेल. धने-जिऱ्याचं पाणी प्यायले. तिसऱ्या दिवशी एकदम दचकले. कारण हे वाक्य माझं नव्हतंच. ते मावशीचं होतं.

माझी मावशी दारव्ह्याकडे एका खेड्यात राहायची. तिच्या अंगावर जायचं, हे तिने दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. "मले काई झालं नाई, उष्णता हाय." आईला समजलं तेव्हा आई तिला यवतमाळला चल म्हणून किती मागे लागली. मावशीचं उत्तर ठरलेलं. "त्या टेबलावर चढाची लाज वाटते बाई मले." शेवटी नागपूरला नेलं, पण फार उशीर झाला होता. २००३ साली ती गेली. मी तेव्हा तिच्यावर चिडले होते. शिकलेली होते ना!

तर ही शिकलेली बाई यवतमाळातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी बघायला हवं. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं, पण आतून तपासावं लागेल." माझे हातपाय गार पडले. "उद्या येते," म्हणाले आणि चक्क पळून आले. घरी येऊन सगळे डबे घासले.

रात्री झोप येईना. नेमकं भ्यायला काय झालंय, असं स्वतःला विचारलं. दुखेल ही भीती होतीच. काय निघेल ही तर होतीच होती. पण खाली आणखी एक दडलेली होती. १९९६ साली थोरल्याच्या वेळी एका दवाखान्यात मी कळा देताना पाय जवळ घेतले, तेव्हा आया म्हणाली होती, "तेव्हा नाही वाटली का लाज?" इतक्या वर्षांत हे मी यांनाही सांगितलं नव्हतं. टेबल म्हटलं की मला ते वाक्य ऐकू येतं.

सकाळी जाऊबाईंना फोन केला. त्या नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. हसल्या नाहीत की "त्यात काय घाबरायचं" असंही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "भीती जायची वाट पाहू नकोस, ती घेऊनच जा. आधी सांगून टाक की मला भीती वाटते. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो, तेव्हा लहान आकाराचं उपकरण वापरा म्हण. श्वास रोखू नकोस, तोंडाने हळूहळू सोड. पायाची बोटं सैल ठेव. आणि एक शब्द लक्षात ठेव, 'थांबा'. तू थांबा म्हटलंस की त्यांनी थांबायलाच हवं."

मी गेले. जाऊबाई सोबत आल्या. टेबलावर चढण्याआधीच मी आयाचं ते वाक्य डॉक्टरांना सांगून टाकलं. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग उपकरण हातात घेऊन दाखवलं, पायांवर चादर टाकली आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग केली. मध्ये एकदा मी "थांबा" म्हणाले. त्या थांबल्या. खरंच थांबल्या! त्यानंतर मला रडू आलं, पण ते दुखण्याचं नव्हतं. पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

सोनोग्राफीत अस्तर पातळच निघालं, स्मिअरचा रिपोर्टही चांगला आला. वयामुळे आलेला कोरडेपणा, बस्स.

नंतर मी थोडं वाचलं. आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या? जेमतेम ८. म्हणजे मावशी एकटी नव्हती.

दुसरी गोष्ट मात्र मला जास्त लागली. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून जास्त बायकांचा एक अभ्यास झाला. ज्या गावांतल्या बायकांची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली आणि लागेल तिला उपचार मिळाले, तिथे पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष छापले गेले. मावशी कपडे लपवत होती, त्याच वर्षांत तिकडच्या खेड्यांतल्या बायका टेबलावर चढत होत्या. त्यांना काय लाज वाटली नसेल? वाटलीच असेल. कुणीतरी त्यांच्याशी नीट बोललं असेल, एवढंच.

आम्ही मावशीला "चल, चल" म्हणत राहिलो. "तुला कशाची भीती वाटते गं?" हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

तेव्हा बायांनो, तिशी ओलांडली असेल तर काही त्रास नसतानाही तपासणी विचारून घ्या. आणि डाग दिसला तर धने-जिरे बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जा. एकटीने जायची भीती वाटत असेल तर मला सांगा, मी येईन सोबत. बाहेर बाकावर बसेन, नाहीतर आत हात धरून उभी राहीन. तुम्ही म्हणाल तसं.