सपाट रस्ता

रस्ता पूर्ण सपाट कधीच नसतो. पाणी वाहून जावं म्हणून तो कडेला किंचित उतरता ठेवलेला असतो. शाबूत घोटा हा उतार परस्पर सांभाळून घेतो, मालकाला पत्ताही लागत नाही. माझा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. तिथे सुटलेलं काम गुडघा, मांडी आणि शेवटी कंबर वाटून घेतात.

पाऊल उचलताना माणसाला पुढे ढकलते ती पोटरी. ती गेली की तेवढाच पल्ला गाठायला जास्त प्राणवायू खर्चावा लागतो. पाय गुडघ्याच्या वरून गेला असेल तर कितीतरी जास्त. यावर शरीर आपणहून वेग उतरवतं, म्हणजे मिनिटामागचे श्रम इतरांच्या जवळपास येतात. माझी संथ चाल पाहून लोक हळहळतात. त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं, की या चालीत तुमच्याइतकीच मेहनत आहे.

दिवस कलतो तसा उरलेला पाय आक्रसतो, तो ज्यात बसवलेला असतो ते सॉकेट सैल पडतं, आत आणखी एक मोजा चढवावा लागतो. त्यासाठी टेकायला जागा आणि थोडा आडोसा हवा. स्टेशनच्या पुलावर दोन्ही मिळत नाहीत. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, एक हात कठड्यावर. आणि गर्दीत नेमका कठडाच कुणीतरी अडवून उभं असतं.

जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांचं मला फार मोल वाटतं. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यासाठी होता. १९६८च्या सुमारास या दोघांनी रबराचं असं पाऊल घडवलं, की त्यावर अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते. आपलं निम्मं जगणं जमिनीवर चालतं, हे त्यांनी नीट पाहिलं होतं.

त्यामुळेच मी पंगतीला बसतो. उठताना मात्र सगळा भार उजव्या गुडघ्यावर येतो, आणि लोक मायेनं धावत येऊन दंडाला धरून वर ओढतात. त्यानं तोल जातो. माझ्या भाच्याला हे बरोबर जमतं. तो हात पुढे करून ताठ उभा राहतो. त्या हाताला धरून मी माझ्या जोरावर उठतो.