आधी मोजून तं पाहा, भाऊ!

रविवारची सकाळ. भंडारा रोड सोडून मौद्याच्या बाजूला पेंचच्या कालव्याकाठचा मुरमाचा रस्ता. आमचा पाच जणांचा ग्रुप. चौघं सुसाट पुढे आणि मी? मुरमात आडवा! मनगट सुजलं, गुडघा सोलला. पण त्याहून जास्त झोंबलं ते ग्रुपमधल्या एकाचं वाक्य. ‘आता तरी सायकल बदल यार. दर वेळी तुझ्यासाठी थांबावं लागतं.’

‘ग्रॅव्हल’चं वेड सध्या जोरात आहे. डांबर सोडायचं आणि गिट्टी, मुरूम, पांदण असं जे समोर येईल त्यावरून सायकल हाणायची. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाच्या गावात २००६ साली अशी २०० मैलांची शर्यत सुरू झाली आणि २०२२मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धाही इटलीत झाली. आता मिहानमधल्या आमच्या ऑफिसात लंच टाइमला तोच विषय. मला आवडलेली ग्रॅव्हल बाइक ८५ हजारांची. घराचा हप्ता नुकताच सुरू झालेला. आणि माझी सायकल? २०१३ साली पहिल्या पगारातून घेतलेली साधी हायब्रिड. घेताना बाबा सोबत होते, घासाघीस त्यांनीच केली होती. तिला विकायचं म्हणजे... जाऊ दे!

तरी शनिवारी मनाचा हिय्या केला आणि ती घेऊन इतवारीत गेलो. जुनीचे किती येतील, एवढंच विचारायचं होतं.

इतवारी म्हणजे नागपूरचं जुनं पोट. इथे रस्ते नसतात, ‘ओळी’ असतात. सराफा ओळ, किराणा ओळ, लोहा ओळ. शहीद चौकाच्या पुढे सायकलवर बसून जायची सोय नाही, ती हातात धरूनच चालायचं. एका बाजूला सोन्याच्या दुकानांचा झगमगाट, दुसऱ्या बाजूला हातठेल्यावरची पोती. मिरचीचा ठसका नाकात गेला, दोन शिंका आल्या, की समजायचं किराणा ओळ आली.

सायकलीचं दुकान आतल्या एका गल्लीत. छताला टांगलेले टायर, काळे झालेले हात, आणि स्टुलावर बसलेले काका. मी माझी कैफियत मांडली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

‘ग्रॅव्हल म्हणजे आपली गिट्टीच न?’

‘हो काका.’

‘मंग विकून कायले राहिले? आधी मोजून तं पाहा, भाऊ!’

मोजायचं काय? तर जागा. माझ्या टायरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, २८-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलीमीटरमध्ये. मुरमावर २८चा टायर म्हणजे सुरीवर चालणं. तो रुततो, घसरतो, आणि कमी हवेत चालवावा तर गिट्टीवर ट्यूब पंक्चर. ग्रॅव्हलवाले ३५ ते ४५चे टायर टाकतात. हवा कमी ठेवतात, म्हणजे टायर दगडाशी भांडत नाही, त्याला कवेत घेतो.

काकांनी पेटीतून ६ मिलीमीटरची एलन की काढली. ‘टायर आन् फ्रेमच्या मधातून दोन्हीकडून ही चाबी गेली पाहिजे. नाही गेली, तं तो टायर आपला नाही.’ मग त्यांनी खरोखरच टायर चढवून पाहिले. मागे ३२ बसला, चाबी गेली. ३५ला अडकली. पुढच्या फोर्कमध्ये मात्र ३५ही आरामात. व्ही-ब्रेक असल्यामुळे ब्रेकचा प्रश्नच नव्हता. चाळीस? विसरा!

तेवढ्यात गल्लीतून एक हमालदादा आपली काळी सायकल रेटत गेले. मागे दोन पोती. काकांनी बोट दाखवलं. ‘हे पाहा तुमची ग्रॅव्हल. टायर चाळीसचा!’ खरंच की! आजोबांच्या जमान्यापासूनच्या या काळ्या सायकलींचा २८ बाय दीडचा टायर म्हणजे ४०-६३५. आपले आजोबा कच्च्या रस्त्यांवर हेच करत होते, फक्त त्यांनी त्याला नाव दिलं नव्हतं. मी लगेच विचारलं, ‘मग हाच टाका की!’ काका हसले. त्याचं रिम ६३५चं, माझं ६२२चं. बसणारच नाही.

शेवटी ठरलं. पुढे ३५, मागे ३२. नवे ब्रेक पॅड, नव्या केबल, मडगार्ड काढून टाकायचे. सगळं मिळून चार हजारांच्या आत!

परतताना मुद्दाम इतवारी स्टेशनावरून गेलो. आता पाटीवर नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव आधी लागलंय. इथूनच उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी छोटी गाडी सुटायची. तिच्या रुळांमधलं अंतर जेमतेम ७६२ मिलीमीटर. ब्रॉडगेजचं १६७६. नोव्हेंबर २०१९मध्ये गेज बदलण्यासाठी ती गाडी बंद झाली. तिथे डबा रंगवून, इंजिन दुरुस्त करून भागणार नव्हतं, कारण अंतरच अरुंद होतं. माझ्या सायकलचंही एक दिवस असंच होईल. चाळीसचा टायर हवासा वाटला, डिस्क ब्रेकशिवाय अडू लागलं किंवा फ्रेमला तडा गेला, की बदलायची. तो दिवस अजून आलेला नाही, एवढंच.

पुढच्या रविवारी पुन्हा कालवा. हवा ८० पीएसआयवरून ५०वर आणलेली. मी पहिला आलो का? छे! चौथा आलो. पण पडलो नाही, मनगट दुखलं नाही आणि कुणाला थांबावंही लागलं नाही. फक्त पावसाळ्यात कालव्याला सुट्टी. काळी माती टायरला चिकटली, की ती सहा मिलीमीटरची फट दहा मिनिटांत बुजते. तेव्हा आपलं डांबरच बरं.

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न, ‘घासाघीस केली का?’

नाही केली. पहिल्यांदाच इतवारीतून सांगितलेले पैसे देऊन आलो. ज्या माणसानं माझे ८५ हजार वाचवले, त्याच्याशी शंभर रुपयांसाठी काय भांडायचं?

तुमच्याही बाल्कनीत एखादी सायकल धूळ खात असेल, तर नवीन बुक करण्याआधी एक ६ नंबरची एलन की घ्या. उत्तर कदाचित त्या फटीतच असेल!