थंडी, गाडी आणि डिंकाचे लाडू

मैत्रिणींनो, "बॅटरीची गाडी, आणि तीही बर्फात? बाई गं, मध्येच बंद पडली तर?" हा प्रश्न मला महाराष्ट्रातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फोनवर ऐकावा लागतो. आम्ही नॉर्वेत, ऑस्लोला राहतो. इथे २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या शंभर गाड्यांपैकी ८९ च्या आसपास विजेवरच्या होत्या. म्हणजे शेजारीपाजारी सगळ्यांकडे तीच. तरीही काळजी करणाऱ्या माणसाला आकडे सांगून भागत नाही, हे तुम्हांला मी वेगळं सांगायला नको.

आधी एक कबूल करते. थंडीत ही गाडी कमी धावते. आमच्या गाडीची बॅटरी ६४ युनिटांची आहे. युनिट म्हणजे तेच, आपल्या विजेच्या बिलावरचं. उन्हाळ्यात शंभर किलोमीटरला १६ युनिटं लागतात, म्हणजे चारशे किलोमीटर सहज. जानेवारीत तेवढ्याच अंतराला २४ लागतात, म्हणजे गाडी अडीचशेच्या थोडं पुढे जाते.

असं का होतं? आपलं खोबरेल तेल आठवा. हिवाळ्यात बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. बॅटरीतल्या द्रवाचंही काहीसं तसंच होतं. तो थिजत नाही, पण त्यातून विजेची ये-जा मंदावते. दुसरं कारण आपल्या चुलीचं. चुलीवर भाकरी भाजताना घरही आपोआप ऊबदार होतं, कारण निम्म्याहून जास्त उष्णता वायाच जाते. पेट्रोलच्या इंजिनाचं तसंच असतं. जळणातला तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची बहुतेक उष्णता. त्यामुळे आत बसणाऱ्याला ऊब फुकट मिळते. विजेची मोटर मात्र काटकसरी, फार थोडं वाया घालवते. म्हणून ऊब हवी तर तिच्यासाठी बॅटरीतूनच वेगळी वीज काढावी लागते.

हे सगळं कागदावर ठीक. गेल्या जानेवारीत प्रसंग आला तेव्हा छातीत धस्स झालं होतं, हे खरं.

माझी धाकटी जाऊ ट्रॉन्डहाइमला असते. पहिलंच बाळंतपण. तिच्या आईचा व्हिसा वेळेवर आला नाही, दीर समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, त्यांना सुट्टी मिळायला आठवडा होता. "वहिनी, तुम्ही याल ना?" एवढंच ती फोनवर म्हणाली आणि गप्प झाली. ह्यांना रजा नव्हती. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, मध्ये डोव्ह्रेफेल्लचं पठार, जिथे रस्ता हजार मीटरच्या वर चढतो. सासूबाईंनी नाशिकहून बजावलं, "थंडीत टॉर्चचे सेलसुद्धा दगा देतात. त्या गाडीचा भरवसा धरू नकोस." त्यांचं म्हणणं काही अगदीच चुकीचं नव्हतं!

मी आदल्या रात्री वही घेऊन बसले. महिन्याचा खर्च मांडतो तसा रस्ता मांडला. लिलेहामरपर्यंत एक टप्पा, डोम्बोसपर्यंत दुसरा, तिथून पठार ओलांडून ट्रॉन्डहाइम. कुठेही पाचवा हिस्सा शिल्लक राहिलाच पाहिजे, हा नियम केला. मागच्या सीटवर डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुनी मऊ लुगडी, दोन रजया, फावडं आणि थर्मासभर चहा ठेवला.

डोम्बोसला बॅटरी भरून निघाले आणि पठारावर वारा सुटला. समोरचं काही दिसेना. रस्त्याला आडवा दांडा पडला होता. असं झालं की इथे गाड्यांची रांग लावतात आणि बर्फ सारणाऱ्या मोठ्या ट्रकच्या मागून सगळ्यांना एकत्र पलीकडे नेतात. ट्रक यायला दीड तास लागणार होता. बाहेर उणे अठरा.

काट्याकडे पाहिलं, ४८ युनिटं शिल्लक होती. नुसती उभी राहून ऊब द्यायला गाडी तासाला दोनच्या आसपास घेत होती. म्हणजे दीड तासाला तीन. रात्रभर थांबायची पाळी आली असती तरी गारठले नसते. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. पेट्रोलची गाडी बर्फात चालू ठेवून बसलं आणि मागची नळी बर्फाने बुजली तर विषारी धूर आत येऊ शकतो. माझ्या गाडीला नळीच नाही! मी चहा घेतला, एक लाडूही खाल्ला. रात्री नऊला जावेच्या दारात पोहोचले. ती दारातच माझ्या गळ्यात पडून रडली. तिसऱ्या दिवशी मुलगी झाली.

तुमच्यापैकी कुणाची लेक-सून थंड मुलखात अशी गाडी चालवत असेल, तर तिला एवढं जरूर कळवा:

निघण्याआधी अर्धा तास, गाडी घरच्या विजेला जोडलेली असतानाच आतून तापवावी. बॅटरीची वीज वाचते.

शक्य तर परत आल्या आल्या, बॅटरी गरम असतानाच चार्जिंगला लावावी. गारठलेली बॅटरी फार सावकाश भरते; जबरदस्तीने भरली तर बिघडेल, म्हणून गाडीच वेग रोखते.

सगळी गाडी तापवण्यापेक्षा बसायची गादी तापवावी. तिला जुन्या शंभराच्या बल्बाइतकीच वीज पुरते.

नवी गाडी घेताना 'हीट पंप' आहे का विचारावं. तो म्हणजे उलटा फ्रिज! फ्रिजची मागची बाजू गरम लागते ना, तीच ऊब आत घेतो आणि एका युनिटात दोन-अडीच युनिटांची ऊब देतो. कडाक्यात मात्र त्याचाही जोर कमी होतो.

हिवाळी टायर, फावडं आणि रजई हवीच, मग गाडी कशावरही चालो.

आपल्याकडे पुण्या-नाशकात थंडीची एवढी धास्ती नको. तिथे बॅटरीला जपायचं ते उन्हापासून. गाडी सावलीत लावावी आणि पूर्ण भरून दिवसचे दिवस तशीच ठेवू नये, म्हणजे बॅटरी जास्त वर्षं टिकते.

सासूबाई आता फोनवर "बंद पडली का?" असं विचारत नाहीत. "किती युनिटं उरली?" असं विचारतात. आणि उत्तर ऐकून म्हणतात, "मग थोडी हळू चालव."