ओसरीवरचे पाहुणे

खुलताबादच्या आमच्या घरात वाढलेल्या साऱ्या चुलत-आते भावंडांना एक गोष्ट हमखास आठवते: ओसरी कधी रिकामी नसायची. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री औरंगाबादेहून आमच्या गावच्या भद्रा मारुतीला पायी निघालेली माणसं दौलताबादचा घाट चढून पहाटे गावात शिरायची. आजीचं ठरलेलं असे, "लेकरांनो, आधी पाणी द्या, मग गाव इचारा." मुलांनी आडाचं पाणी शेंदायचं, काकूंनी शाबुदाण्याची खिचडी परतायची, थोरल्या बहिणींनी पाय शेकायला मिठाचं गरम पाणी द्यायचं. पैशांचा विषयच नसायचा.

जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याचा उरूस आला की हीच लगबग शेजारच्या चाचींकडे. त्यांच्याकडे पाहुणे मावेनासे झाले की आमच्या माडीवर अंथरुणं पडत. मलिक अंबरची कबर कुठे, औरंगजेबाची कुठे, हे पाहुण्यांना दाखवत आम्ही पोरं गावभर हिंडायचो. कुणाला हौस असली तर कागजीपुऱ्याला नेऊन हातकागद कसा होतो तेही दाखवायचो.

दसऱ्याच्या सुमारास डोंगराकडच्या वाड्यांतल्या बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन यायच्या. खाली पळसाची पानं, वर डोळे उघडलेली फळं. डोळे मिटलेलं फळ त्या तोडत नसत, फांदी मोडत नसत, शेंड्यावरची फळं पाखरांना ठेवत. आजी त्यांच्याशी घासाघीस करायची नाही. डोंगर राखतात म्हणून फळ मिळतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

उन्हाळ्यात आड तळाला गेला की आजोबा पाहुण्यांना स्पष्ट कळवायचे, "आता नको, पाऊस पडल्यावर या." त्यात कुणाला अपमान वाटला नाही. गावात पाणी किती, त्यावर पाहुणे किती, हा हिशेब घराघरात पाठ होता.

आज शेजारच्या वेरूळला जगभरातून माणसं येतात. 1983 साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण बहुतेक गाड्या कैलास लेणं आणि घृष्णेश्वर उरकून संध्याकाळी शहरातल्या हॉटेलांकडे वळतात. पैसा तिकडे जातो आणि बाटल्या, पिशव्या म्हैसमाळच्या डोंगरउतारावर राहतात. म्हैसमाळ, वेरूळ, शूलिभंजन आणि खुलताबाद मिळून सरकारने विकास आराखडा आखला, राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. हे चांगलंच झालं. पण रस्ते आणि इमारती यांच्याआधी पाणी, कचरा आणि गावच्या हाताला काम यांचा विचार हवा. तो विचार ज्यांनी पिढ्यान् पिढ्या केला, ती माणसं अजून इथेच आहेत. सीताफळवाल्या बायांना, कागजीपुऱ्याच्या कारागिरांना, ओसरी असलेल्या घरांना ग्रामसभेत बसवून विचारा.

आणि तुम्ही येणार असाल, तर पावसाळ्यानंतर या. एक रात्र गावातल्या घरी राहा, तिथेच जेवा, सीताफळं पाटीवालीकडूनच घ्या आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत न्या. गाव टिकलं, तरच पाहुण्याला बसायला ओसरी राहील.