लखोबा आणि नवी पोरं

भाचीचा नाटकाचा ग्रुप सध्या अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ वाचतोय. आज मीही जाऊन बसले. नाटक १९६२चं. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेली पाच रूपं, हे आमच्या पिढीचं कौतुक. नावं-वेष बदलून बायकांना फसवणारा लखोबा लोखंडे कोर्टात थंडपणे सगळं नाकारतो आणि आम्ही टाळ्या पिटत आलो.

‘अरे, हा तर मॅट्रिमनी साइटवरचा फेक प्रोफाइलवाला!’ एक पोरगा म्हणाला. हशा पिकला. भाची मात्र हसली नाही. साक्षीला उभ्या राहणाऱ्या बायकांची वाक्यं तिनं पुन्हा, सावकाश वाचायला लावली. लखोबाच्या हजरजबाबीपणाचा जरा वेळ विसरच पडला.

नाटकाचं नाव तर घरोघरी उत्तर म्हणून चालतं. फ्रीजमधलं श्रीखंड कुणी संपवलं विचारा! नाटक न पाहिलेलेही ते फेकतात. फेकू देत की. जुन्या नाटकापुढे पोरांनी हात जोडून बसावं, हे मला पटत नाही. अत्र्यांना हे नाटक एका खऱ्या खटल्यावरून सुचलं होतं. आजच्या मुलींना त्यातल्या फसवल्या गेलेल्या बायका आधी दिसत असतील, तर त्यांचं वाचन आमच्या टाळ्यांपेक्षा सरस आहे.